मध्यम चढाईचा हिशेब

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याची गाडी रिकामी झाली की आधी प्रतवारी होते. मोठा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी वेगळी, भाव नंतर. डोंगरवाटांची अशी प्रतवारी आपल्याकडे क्वचितच होते. ‘सोपंय, सगळे जातात’ एवढ्या शिफारशीवर माणसं पाठीला पिशवी लावून निघतात. मग कुणी पर्वती चढल्याच्या भरवशावर कात्रज–सिंहगड करायला जातं आणि सातव्या टेकडीवर बसकण मारतं. कुणी उलट सिंहगडाची धास्ती घेऊन जन्मभर गाडीनेच वर जातं. दोघांचंही चुकतं ते एकाच ठिकाणी. वाट किती अवघड, हे दोघेही शिखराच्या उंचीवरून ठरवतात.

मध्यम चढाईच्या वाटेला दोर लागत नाही. हात टेकायची वेळ क्वचित येते. पण अर्धा ते पूर्ण दिवस जातो, घाम निघतो आणि दुसऱ्या दिवशी घराचा जिना उतरताना मांड्या बोलतात. अशा वाटा शोधायला गुलटेकडीच्या रहिवाशाला लांब जावं लागत नाही. स्वारगेट गाठलं की सगळ्या दिशा मोकळ्या होतात. यार्डातल्या फळ-भाजीपाला विभागाची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणजे सिंहगडावरची रविवारची झुंबडही आपोआप टळते. प्रश्न उरतो तो एवढाच, की कुठली वाट कधी आणि कुणी धरावी.

यार्डाच्या दक्षिणेला

यार्डाच्या पश्चिमेला पर्वती आहे, तिच्या मागे तळजाईचं पठार. दक्षिणेला बिबवेवाडीपलीकडे कात्रजचे डोंगर, आग्नेयेला कोंढव्यामागे बोपदेव घाट, त्याच्याही पूर्वेला दिवे घाट. शहरातून बघताना कात्रज, बोपदेव, दिवे हे सुटे सुटे डोंगर वाटतात, पण ती एकच रांग आहे. सह्याद्रीची मुख्य धार दक्षिणोत्तर जाते आणि तिला पूर्वेकडे फाटे फुटतात. त्यातला एक फाटा सिंहगड, कात्रज, बोपदेव, दिवे घाट करत यवतजवळच्या भुलेश्वरापर्यंत जातो. भूगोलात त्याला भुलेश्वर रांग म्हणतात. पुणेकर जिला ‘कात्रजचा डोंगर’ म्हणून मोकळे होतात, ती या लांबलचक रांगेतली एक खिंड आहे.

ही रांग पाण्याचीही वाटणी करते. कात्रज–सिंहगडाच्या धारेवर उत्तरेकडे पडलेला पाऊस मुठेकडे जातो. दक्षिणेकडे पडलेला शिवगंगेत उतरतो, तिथून गुंजवणीत, गुंजवणीतून नीरेत. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला. आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते तेव्हा धारेवर दोन हातांवर वेगळं झालेलं पाणी जिल्हाभर फिरून पुन्हा एकत्र येतं. धारेवरून चालणाऱ्याला मात्र यातलं थेंबभर पाणीही मिळत नाही. जलविभाजकावर पाणी थांबत नाही, दोन्हीकडे निघून जातं. म्हणून या वाटेवर पाणी पाठीवरूनच न्यावं लागतं.

डोंगराचा चढ कसा लागेल, हे त्याच्या दगडात ठरलेलं असतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थिजले. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट काळा पाषाण, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. घट्ट थर सहजी झिजत नाही, त्याचा ताठ कडा होतो. सच्छिद्र थर लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि उतार पडतो. मधूनमधून विटकरी लाल मातीची पट्टी दिसते. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला की जुन्या थराचा माथा हवेने-पाण्याने मुरे, त्याची ही खूण. त्यामुळे आपल्याकडचा चढ सलग नसतो. उतार, मग छोटा कातळटप्पा, मग सपाटी, पुन्हा उतार. सपाटीवर दम खायला मिळतो, कातळावर पाय नीट बसतो. खरा त्रास देतो तो मधला मुरुमाचा उतार, ज्याला डोंगरात फिरणारे घसारा म्हणतात.

उंचीचा भ्रम दूर करायला एक तुलना पुरते. स्वित्झर्लंडमध्ये बर्न आणि ल्युसर्न या शहरांच्या मधोमध नाप्फ नावाचा डोंगर आहे. बर्फाच्छादित आल्प्स नव्हे, तर गोट्यांच्या खडकात कोरलेल्या घळी, दाट जंगल आणि कुरणं असलेला टेकड्यांचा मुलूख. नाप्फची उंची १४०८ मीटर. आपला सिंहगड १३१२ मीटर. म्हणजे जगभरचे लोक जिथे कुटुंबकबिल्यासह ‘मध्यम’ म्हणून चालायला जातात, तेवढ्याच उंचीच्या वाटा स्वारगेटहून बसच्या अंतरावर आहेत. फरक आहे तो सावलीत, पाण्यात आणि पाट्यांमध्ये.

अंतर नव्हे, तास

स्विस वाटेवरच्या पिवळ्या पाटीवर किलोमीटर लिहिलेले नसतात, वेळ लिहिलेला असतो. सपाट जमिनीवर तासाला ४.२ किलोमीटर हा वेग धरून, त्यात चढ-उतार मिसळून तो काढतात. वाटांच्या तीन जातीही पाटीवरूनच कळतात. नुसती पिवळी असेल तर कुणीही जावं. पांढरा–लाल–पांढरा पट्टा असेल तर पाय पक्का हवा, बूट चांगले हवेत, खोली बघून डोळे फिरायला नकोत. पांढरा–निळा–पांढरा असेल तर ते गिर्यारोहकाचं काम. तिथल्या आल्पाइन क्लबची टी-१ ते टी-६ अशी याहून बारीक श्रेणीही आहे. त्या मापाने सिंहगडाची पायवाट टी-२ मध्ये बसेल. कात्रज–सिंहगड टी-२ आणि टी-३ च्या सीमेवर जाईल.

आपल्याकडे पाटी नसली तरी हिशेब घरी बसून करता येतो. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली एक सूत्र मांडलं. मेट्रिक मापात ते असं: दर ५ किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पुढे एरिक लँगमुर यांनी त्यात उताराची भर घातली. तीव्र उतार असेल तर दर ३०० मीटर उतरण्यामागे १० मिनिटं वाढवायची, सौम्य असेल तर तेवढीच वजा करायची. हा वेळ न थांबता चालणाऱ्या तब्येतीच्या माणसाचा आहे. फोटो, चहा, बुटाची नाडी आणि ‘जरा बसू या’ यांचा वेळ वेगळा.

सूत्र खरं किती? सिंहगडाला लावून बघा. पायथ्याच्या आतकरवाडीहून गडाच्या पुणे दरवाजापर्यंतची वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, चढ सुमारे ६०० मीटर. अंतराचा अर्धा तास, चढाचा एक तास, मिळून दीड तास. नेहमीचे लोक एका तासात चढतात, नवखा पावणेदोन घेतो. दीड तास या दोन्हींच्या मधला आकडा आहे.

पर्वती, तळजाई

पहिली परीक्षा घराजवळ द्यावी. पर्वतीला १०३ पायऱ्या. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली इथे देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं आणि १७६१ साली पानिपतच्या धक्क्यानंतर ते इथेच वारले. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने याच टेकडीवरून पाहिली. पायऱ्या रुंद, उंची कमी. या चढाला कुणी मध्यम म्हणणार नाही, पण तो न थांबता चढून, वर बोलता येईल इतका श्वास शिल्लक राहतो का, हे बघायला याहून सोयीची जागा नाही. दम न लागता तीन-चारदा वर-खाली करता आलं तर सिंहगडाचा विचार करायला हरकत नाही.

सहकारनगरच्या बाजूने तळजाईवर चढलं की पठारावर पाचगाव पर्वतीचं राखीव वनक्षेत्र आहे. वाटा मळलेल्या, चढ-उतार सौम्य, पहाटे मोरांचा आवाज. झाडी बघताना एक गोष्ट लक्षात येते. बऱ्याच भागात एकाच जातीचं झाड उभं आहे, ते गिरिपुष्प. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं. कमी पाण्यावर झपाट्याने वाढतं म्हणून उजाड टेकड्यांवर लावलं गेलं. जिथे मूळचं रान टिकलं आहे तिथे सालई, मोई, धावडा, खैर, मेडशिंगी भेटतात. उन्हाळ्यात सालईची साल कागदासारखी सुटते आणि झाड निष्पर्ण उभं असतं. पुण्याच्या टेकडीवर सावली कधी मिळेल आणि कधी नाही, हे या पानगळीच्या झाडांवर अवलंबून आहे. फेब्रुवारी ते मे इथलं जंगल दिसतं, पण सावली देत नाही.

आतकरवाडीची वाट

सिंहगडावर गाडीरस्ता जातो, तरी पायवाटेवरची गर्दी कमी होत नाही. त्याचं कारण गडाच्या इतिहासात कमी आणि वाटेच्या मापात जास्त आहे. ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी मालुसऱ्यांनी हा गड घेतला, छत्रपती राजाराम महाराजांचा अंत १७०० साली इथे झाला, लोकमान्य टिळकांचा बंगला वर आहे. हे सगळं खरं. पण पहाटे पाचला आतकरवाडीत उतरणारा नियमित माणूस घड्याळ बघायला आलेला असतो. गेल्या आठवड्यापेक्षा किती मिनिटं कमी लागली, एवढाच त्याचा विषय. मोठ्या मोहिमेची तयारी करणारे पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून चढतात आणि वर गेल्यावर पाणी ओतून देतात, म्हणजे उतरताना गुडघ्यावर भार नको. पुण्यातल्या गिर्यारोहकांना हीच शाळा. सुरेंद्र चव्हाण १९९८ साली एव्हरेस्टवर पोचले, ‘गिरिप्रेमी’ या संस्थेच्या आठ जणांनी १९ मे २०१२ ला शिखर गाठलं. अशी तयारी करणाऱ्या पुणेकरांना हाताशी मिळणारा सलग मोठा चढ म्हणजे सिंहगड.

वाट सुरुवातीला घरांमधून, मग झुडपांतून जाते. पहिला टप्पा फसवा आहे. चढ बेताचा, पाय ताजे, बरोबरच्यांशी गप्पा. इथे वेग वाढवणारा माणूस मधल्या उघड्या सोंडेवर हमखास थांबतो. तिथे ऊन थेट अंगावर येतं, दगडी पायऱ्या ओबडधोबड आहेत आणि प्रत्येक वळणानंतर गड तेवढाच लांब दिसतो. शेवटचा टप्पा कड्याखालून आडवा जातो आणि एकदम पुणे दरवाजा समोर येतो.

कसं चढावं, हे शिकायचं तर गडावर दही-ताक विकायला जाणाऱ्या पायथ्याच्या गावातल्या बायकांकडे बघावं. डोक्यावर टोपली, त्यात मडकी. पाऊल छोटं, पूर्ण तळवा टेकलेला, टाच अधांतरी कधीच नाही. उंच पायरी आली तर त्या तिच्यावर झेप घेत नाहीत, बाजूचा लहान दगड मधली पायरी म्हणून वापरतात. धापा टाकत कुठे थांबलेल्या दिसत नाहीत, कारण धाप लागेल इतक्या वेगाने त्या चालतच नाहीत. त्यांना ओलांडून पुढे गेलेले तरुण वाटेतल्या लिंबूसरबताच्या झोपडीपाशी भेटतात. त्या मान न वळवता पुढे निघून जातात.

वर हवा पुण्यापेक्षा गार लागते, ती कल्पना नव्हे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरतं. गड शहरापेक्षा साडेसातशे मीटर उंच आहे, म्हणजे पाचेक अंशांचा फरक. देवटाक्याचं पाणी, मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी आणि कांदाभजी यांची ख्याती सगळ्यांना माहीत आहे. उतरायचं असेल तर भजी हात राखून खावीत, एवढंच सांगणं.

गडाच्या उत्तर अंगाची दरी पक्षी बघणाऱ्यांची आवडती. उन्हाळ्यात तिथे स्वर्गीय नर्तक दिसतो, पावसाच्या तोंडावर नवरंग. सावली, ओढा आणि मिश्र झाडी एकत्र असली की किती फरक पडतो, हे तळजाईनंतर इथे आलेल्याला लगेच कळतं.

कात्रज ते सिंहगड

आता रांगेची मुख्य वाट. कात्रजच्या जुन्या घाटातल्या बोगद्यापाशी सुरुवात. वर वाघजाईचं मंदिर. तिथून धारेने पश्चिमेकडे, एकामागून एक तेरा-चौदा टेकड्या, आणि शेवटी वाट सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागते. आकडा प्रत्येक जण वेगळा सांगतो, कारण कुठल्या उंचवट्याला टेकडी म्हणायचं हे पाय किती दुखतात त्यावर ठरतं. अंतर १५ किलोमीटरच्या आसपास, चढांची बेरीज साधारण हजार मीटर. आणि तेवढाच उतारही.

सूत्र लावू. १५ किलोमीटरचे तीन तास. हजार मीटर चढाचे एक तास चाळीस मिनिटं. उतार तीव्र आहेत, म्हणून आणखी पस्तीस मिनिटं. झाले सव्वापाच तास. तासाला दहा मिनिटं विश्रांती धरली तर सहाच्या पुढे. पहिल्यांदा जाणाऱ्या गटाला सहा-सात तास का लागतात, याचं उत्तर या बेरजेत आहे. ‘पंधरा किलोमीटर तर आहे, तीन-चार तासांत होईल’ म्हणणाऱ्याने चढ मोजलेलाच नसतो. इथली कुठलीही एक टेकडी सिंहगडाएवढी नाही. पण सिंहगड एकदा चढून संपतो, ही वाट मिळवलेली उंची दर खिंडीत परत मागते.

या वाटेवर रात्री जायची रीत पडली, त्यामागे हौस आहे तशी सोयही आहे. धारेवर सावली जवळजवळ नाही, पाणी नाही. पौर्णिमेला दिव्याशिवायही वाट दिसते; उत्तरेला शहराचे दिवे, दक्षिणेला सातारा रस्त्याची गाड्यांची माळ, आणि समोर सिंहगडावरच्या मनोऱ्याचा लाल दिवा. दिशा चुकायला वाव कमी. पण चांदण्यात सावल्यांची खोली कळत नाही, आणि घसाऱ्यावर नेमकी तीच कळावी लागते. पहिली खेप हिवाळ्यात, पहाटे निघून, उजेडात करावी. वाट एकदा पायाखालून गेली की मग पौर्णिमा.

पूर्वेकडून पश्चिमेकडे चालण्यात आणखी एक गंमत आहे. आपण पावसाच्या दिशेने चाललेलो असतो. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या मुख्य धारेवर त्याच्या कितीतरी पट. कात्रजला खुरटी काटेरी झुडपं आणि गवत, पुढे घळींमध्ये दाटत जाणारी झाडी आणि सिंहगडाच्या कुशीत खरं जंगल. एका दिवसाच्या चालीत पर्जन्यछायेची कड ओलांडलेली दिसते.

मध्येच सोडावं लागलं तर? धारेवरून दोन्हीकडे ढोरवाटा उतरतात. उत्तरेला आंबेगाव–धायरीच्या अंगाला, दक्षिणेला शिवगंगेच्या खोऱ्यात. पण प्रत्येक वाट गावात जातेच असं नाही. काही कड्यापाशी संपतात, कारण गुरांना तिथलं गवत हवं असतं, खाली जायचं नसतं. मळलेली वाट दिसली नाही तर आलो त्याच वाटेने मागे फिरणं बरं. टेकड्या पश्चिमेकडे उंच आणि उभ्या होत जातात, म्हणून निम्म्या अंतरावर निम्मी ताकद संपली असेल तर पुढचा निम्मा भाग त्या ताकदीत होत नाही. तिथेच निर्णय घ्यावा.

पूर्वेच्या वाटा

ज्यांना एवढं नको, त्यांनी रांगेचं पूर्व टोक धरावं. सासवडच्या अलीकडे सोनोरीजवळ मल्हारगड आहे. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर तो बांधला. महाराष्ट्रात अगदी शेवटी बांधल्या गेलेल्या किल्ल्यांत तो गणला जातो. चढ तासाभराच्या आत, मुलांना घेऊन जाण्याजोगा. बोपदेव घाटमाथ्यावरून कानिफनाथाचा डोंगरही असाच हलका. मात्र अंधार पडल्यावर या घाटात एकट्यादुकट्याने रेंगाळू नये. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. ऐंशीच्या घरातले वारकरी तो लांबलचक टप्पा पायी करतात. मध्यम चढाईला वयाची अट लावणाऱ्याने तो दिवस बघावा. घाटापलीकडच्या पुरंदर तालुक्याचे अंजीर, सीताफळ आणि मटार यार्डात येतात. त्या मालाचा मुलूख पायी बघायला याहून जवळची वाट नाही.

महिना बदलला की प्रत बदलते

सिंहगडाची वाट जानेवारीत मध्यम, जुलैत कातळावर शेवाळ चढलं की अवघड, आणि मे महिन्याच्या दुपारी धोक्याची. वाट तीच, उंची तीच.

पावसात कातळटप्पा निसरडा होतो, धुक्यात धारेवर वाट चुकते, आणि घाटरस्त्यावर दरड येते. पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरात, मुरूम ओलसर दाबून बसलेला असतो आणि पाय धरतो. डिसेंबरनंतर तो सुटा होतो आणि मार्चपर्यंत घसारा तयार. गवत वाळलं की वणव्याचे दिवस. एक विडी किंवा चुलीचा निखारा अख्खी सोंड काळी करतो, आणि वाऱ्याच्या दिशेने वर चढणारी आग माणसापेक्षा जोरात पळते. खालच्या उतारावर धूर दिसला तर वर पळू नये. आधीच जळून गेलेल्या किंवा उघड्या कातळाच्या बाजूला सरकावं. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर वीज पडते, आणि उघड्या धारेवर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो. म्हणून मे आणि ऑक्टोबरात धारेवरून दुपारपूर्वी उतरावं.

कड्याखाली आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा या तीन गोष्टी टाळल्या तर माश्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत. बिबट्याचा वावर या रांगेत आहे, पण गटाने बोलत जाणाऱ्याला तो दिसण्याची शक्यता फार कमी.

पाणी थंडीत माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात कात्रज–सिंहगडला तीनहून कमी नको. खाण्याचं सामान यार्डाच्या भुसार बाजारात आहेच: गूळ, शेंगदाणे, खजूर. गूळ लगेच ताकद देतो, शेंगदाणे हळूहळू. म्हणून दोन्ही एकत्र. भूक लागायची वाट न बघता दर तासाला मूठभर. चिप्सचं पाकीट तहान वाढवतं आणि रिकामं झाल्यावर डोंगरावरच राहतं.

उतार

बहुतेक जण चढाला भितात आणि पडतात ते उतारावर. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकसतो आणि शरीर वर ढकलतो. दमायला होतं, पण इजा होत नाही. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतो. या ताणात त्याचे तंतू सूक्ष्म पातळीवर फाटतात, आणि दुखणं त्याच दिवशी न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. दमलेली मांडी गुडघ्याला आधार देईनाशी होते, पाऊल जिथे ठेवायचं तिथे पडत नाही, आणि घसारा उरलेलं काम करतो. म्हणून शेवटचा तास सर्वांत सांभाळून चालावा. गुडघे किंचित वाकवून, पावलं छोटी, वजन पुढच्या पावलावर. भीतीने मागे रेललं की टाच निसटते आणि माणूस बसतो. दोन माणसांत अंतर ठेवावं, कारण वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यावर येतो.

वाट कुणाची

स्वित्झर्लंडमध्ये १९७९ साली जनमत घेऊन पायवाटा आणि भटकंतीच्या वाटा राज्यघटनेत घातल्या गेल्या. आज त्यांचं जाळं सुमारे ६५ हजार किलोमीटरचं आहे. पाट्या, दुरुस्ती, वाट बंद पडली तर पर्यायी वाट देणं हे सरकारी जबाबदारीत येतं. जंगल आणि कुरणात कुणालाही जाऊ देण्याची तरतूद तर तिथल्या नागरी कायद्यात त्याही आधीपासून आहे.

आपल्या वाटा वेगळ्या जन्मल्या. गुराखी, मोळीविके, दूधवाले, देवाला जाणारे यांनी त्या पाडल्या, आणि ट्रेकिंग करणाऱ्यांच्या पायांनी त्या रुंद झाल्या. जमीन कुठे वनखात्याची, कुठे गावाची, कुठे खासगी. पुणे महापालिकेत १९९७ साली आलेल्या गावांच्या टेकड्यांवर, त्यात कात्रज-कोंढव्याकडचे उतारही आले, जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण आहे. राज्य सरकारने २०१५ साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. आरक्षण टेकडीवर इमारत येऊ नये यासाठी आहे. वाटेची काळजी घेणारं कुणी त्यात नाही. त्यामुळे पावसात वाट खचली की लोक शेजारून नवी पाडतात, दोन वर्षांत तिची घळ होते, मग तिसरी. एका सोंडेवर समांतर पाच वाटा दिसतात त्या यामुळे. मुरमाचा उतार एकदा उघडा पडला की गवत लवकर धरत नाही. वळण टाळून सरळ खाली उतरणारा प्रत्येक जण पुढच्या वर्षीचा घसारा तयार करत असतो. मळलेली वाट सोडू नये हा नियम चालणाऱ्यासाठी जितका, तितकाच डोंगरासाठी आहे.

तेव्हा नव्या माणसाने वर्षाची आखणी अशी करावी. पावसाळा संपेपर्यंत पर्वती आणि तळजाई, आठवड्यातून दोनदा. दिवाळीनंतर मल्हारगड. मग महिन्याभरात सिंहगड तीन-चार वेळा, पायी वर आणि पायीच खाली. तिसऱ्या खेपेला दीड तासात वर पोचलात आणि उतरून दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरता आला, तर डिसेंबर-जानेवारीत कात्रज–सिंहगड, माहीतगार माणसासोबत, पहाटे पाचला निघून. घरी सांगून जावं, कुठल्या वाटेने आणि किती वाजता परत. अडचण आलीच तर ११२. आणि सकाळी अकरापर्यंत निम्म्या टेकड्या मागे पडल्या नसतील तर पहिल्या मळलेल्या वाटेने शिवगंगेकडे उतरून सातारा रस्त्यावर बस पकडावी. उरलेल्या टेकड्यांसाठी पुढचा शनिवार आहे.